गाडीचा एसी मध्येच थांबतो? आधी तो कधी थांबतो ते पाहा

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गाने दासगावकडे येणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. सकाळी निघताना एसी उत्तम चालतो. कोलाड-इंदापूरपर्यंत बोलायला जागा नसते. माणगावच्या कोंडीत गाडी अडकते, पंधरावीस मिनिटे जागची हलत नाही, आणि डॅशबोर्डच्या जाळीतून कोमट वारा यायला लागतो. लोणेरे मागे पडून गाडीने वेग घेतला की पुन्हा गार. दुसऱ्या दिवशी महाडला गॅरेजात दाखवायला न्यावी तर तिथे एसी अगदी व्यवस्थित. कारागीर जाळीपुढे हात धरतो आणि म्हणतो, "चालतोय की! गॅस थोडा कमी असेल, टाकून देतो." गॅस टाकला जातो, पैसे दिले जातात, आणि पुढच्या शनिवारी त्याच माणगावात तोच कोमट वारा.

असे वाया जाणारे पैसे वाचावेत, म्हणून हा लेख. एसी कायमचा बंद पडला तर दोष शोधणे त्या मानाने सोपे असते, कारण बिघडलेला भाग बिघडलेल्याच अवस्थेत कारागिराच्या हाती पडतो. मध्येच थांबणाऱ्या एसीत बहुतेक सगळे भाग चांगले असतात. एखादाच भाग ठरावीक परिस्थितीत दगा देतो. ती परिस्थिती गॅरेजात दिसत नाही, ती गाडी चालवणाऱ्यालाच दिसते. गाडी उभी असताना थांबला की पळताना? निघाल्या निघाल्या की तासाभराने? फक्त दुपारी की सकाळीसुद्धा? चढावर की सपाटीवर? आणि सर्वांत महत्त्वाचे, गारवा गेला तेव्हा वाऱ्याचा जोर तसाच होता की तोही कमी झाला? एवढे पाहून ठेवलेत तर निम्मे निदान तुम्हीच केलेले असते.

या बाबतीत दासगाव, महाड, पोलादपूरच्या लोकांची एक सोय आहे. माणगावची कोंडी, वीर-दासगावचा मोकळा रस्ता, सावित्रीच्या खाडीकाठची दमट हवा आणि पोलादपूरपुढचा आंबेनळी घाट, असे चारही प्रकार एका दिवसाच्या फेरीत मिळतात. एसीची इतकी कसून परीक्षा घेणारा रस्ता शोधून सापडणार नाही.

आधी गॅसचा गैरसमज दूर करू. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. आज बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो; साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो, आणि उकळताना भोवतीची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबलेला गरम गॅस समोरच्या जाळीतल्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळून कॉइल गार करतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. रबरी नळ्या आणि जोडांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे. त्यातून आणखी एक नुकसान होते. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी झाला की तेलही नीट परतत नाही आणि शेवटी कॉम्प्रेसरच झिजतो.

कॉम्प्रेसर सतत चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. इंजिनाचा पट्टा त्याची पुली फिरवत असतो. एसीला गरज असेल तेव्हा विजेवर चालणारा चुंबकी क्लच पुलीला कॉम्प्रेसरशी जोडतो आणि गरज संपली की सोडतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलात एसी बसवून दिला, त्या गाडीत असा क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा उतरवावा लागे. क्लचमुळे ही कटकट गेली, पण त्याला जोडायचे की सोडायचे हे ठरवणारे रिले, प्रेशर स्विच, सेन्सर आणि वायर हे सगळे मध्ये आले. मध्येच थांबणाऱ्या एसीचा दोष बहुधा या साखळीत किंवा पुढे सांगितलेल्या पंख्यात आणि हवेच्या वाटेत सापडतो. तिकडे न बघता थेट गॅसच्या नळीला हात घालणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते.

उभी असताना गरम, पळताना गार

माणगावच्या कोंडीतली तक्रार ही. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच कंडेन्सरला थंड करतो. गाडी उभी राहिली की सारा भार कंडेन्सरच्या पंख्यावर येतो. तो फिरलाच नाही किंवा अर्ध्या वेगाने फिरला तर गॅसचा दाब चढत जातो, आणि ठरावीक मर्यादेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. दाब उतरला की पुन्हा जोडतो. आत बसलेल्याला वाटते, एसीच लहरी आहे.

पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी मोकळ्या जागी लावा. पडवीला लागून असलेल्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुराड्यातला विषारी वायू वास न येता साचतो. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, एसी पूर्ण जोरावर लावा आणि बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्याबरोबर किंवा मिनिटभरात पंखा फिरायला हवा. हात, ओढणी, उपरणे पंख्यापासून दूर ठेवा. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांचा पंखा अचानक सुरू होतो. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने तपासायचे. मोटरचे कार्बन झिजले असतील तर ती कधी सुरू होते, कधी होत नाही, आणि हलका टोला दिला की फिरायला लागते. अशी मोटर पुढच्या कोंडीत पुन्हा थांबणार, ती बदलूनच टाकावी.

पंखा नीट फिरतोय पण उभ्या गाडीत कूलिंग जाते, असे असेल तर बाटलीभर पाणी समोरच्या जाळीतून हळूहळू कंडेन्सरवर शिंपडा. पंख्याच्या मोटरवर आणि वायरींवर नको. पाणी पडल्यावर मिनिटभरात गारवा परतला, तर उष्णता बाहेर पडत नाही हे सिद्ध झाले. कंडेन्सर मातीने बुजला असेल, किंवा गॅस प्रमाणापेक्षा जास्त भरला असेल. या महामार्गाचे २०११ला सुरू झालेले चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात इथून नियमित फिरलेल्या गाड्यांच्या कंडेन्सरवर लाल मातीचा थर चढलेला असतो, आणि पावसाळ्यात रात्री दिव्यांवर झेपावणारे किडे त्याच थरात अडकून वाळतात. तो धुवायचा तर शक्य असेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या धारेने. सर्व्हिस सेंटरच्या जोरकस फवाऱ्याने कंडेन्सरची पातळ पाती आडवी होतात आणि वारा कायमचा अडतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या टँकरचालकांनाही हेच लागू आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू ट्रकांना चालकाची केबिन वातानुकूलित असणे केंद्र सरकारने बंधनकारक केले, हे फार आधी व्हायला हवे होते. पण उभ्या गाडीत चालणारा एसी पूर्णपणे पंख्याच्या भरवशावर असतो, हे नव्या केबिनमध्ये बसणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. आणि गाडी कुठलीही असो, इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपू नये.

गारवा जातो आणि वाराही कमी होतो

आपल्या भागात दुसरा नेहमीचा प्रकार हा, आणि तो ओळखण्यात सर्वांत जास्त चूक होते. गाडी पाऊणएक तास मस्त गार चालते. मग ब्लोअरचा आवाज तेवढाच असतो, पण जाळीतून येणारा वारा मंदावतो, जवळजवळ बंदच होतो. एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी लावला की पुन्हा झकास. गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी पडलेले दिसते.

इथे कूलिंग कमी झालेले नसते, कॉइलवर बर्फ धरलेला असतो. कारण खाडीकाठच्या हवेत आहे. ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम पाणी असते. देशावरच्या ४० अंशांच्या पण २० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत ते १० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे सोलापूरला उन्हाचा चटका जास्त असला तरी दासगावच्या गाडीतल्या कॉइलला कितीतरी अधिक पाणी काढावे लागते. ते पाणी थेंब होऊन नळीने खाली जायला हवे. कॉइलचे तापमान शून्याखाली गेले की थेंब जागच्या जागी गोठतात, पात्यांमधल्या फटी बुजतात, आणि ब्लोअर कितीही फिरला तरी वाऱ्याला वाट राहत नाही.

कॉइल शून्याच्या जरा वर असतानाच कॉम्प्रेसर तोडण्यासाठी तिच्यावर एक छोटा सेन्सर असतो. तो बिघडला, किंवा आधीच्या दुरुस्तीत जागेवरून सरकला, तर कॉम्प्रेसर सुटतच नाही आणि बर्फ वाढत जातो. पण सेन्सरकडे जाण्याआधी केबिन फिल्टर काढून पाहा. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या प्रवाशासमोरच्या कप्प्यामागे असतो, कप्पा खाली झुकवला की हाताला लागतो. आपल्याकडच्या धुळीत तो पाच-सहा महिन्यांत मातकट होतो. पावसाळ्यात त्याला कुबट वास सुटतो. फिल्टर बुजला की कॉइलवरून पुरेशी उबदार हवा जात नाही, आणि चांगल्या सेन्सरच्या गाडीतही बर्फ धरू शकतो. फिल्टर काढून ठेवून एक फेरी मारा. त्रास गेला तर नवा फिल्टर बसवून मोकळे व्हा. गॅस थोडा कमी असला तरी कॉइलच्या तोंडाशी बर्फ धरतो, म्हणून फिल्टर नवा आणि सेन्सर ठीक असतानाही तक्रार राहिली तर गेज लावून घ्यावे लागते.

त्याच वेळी पाण्याची नळीही पाहा. दमट दिवशी एसी अर्धा तास चालून गाडीखाली थेंबभरही पाणी दिसत नसेल, आणि पुढच्या पायांखालची चटई ओली असेल, तर ती नळी चिखलाने किंवा पानांनी बुजली आहे.

वाटेतच असा बर्फ धरला तर एसीचे बटण बंद करून ब्लोअर पूर्ण जोरावर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत बर्फ वितळतो. पुढे ब्लोअर सर्वांत कमी वेगावर आणि तापमान सर्वांत खाली, अशी जोडी लावू नका. बर्फ धरायला तीच कारण होते. दमट उकाड्यात हवा आतल्या आत फिरवणारे बटण लावून ठेवले तर बाहेरचे पाणी कॉइलवर कमी येते आणि गारवा लवकर होतो. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी, नाहीतर बंद हवेने चालकाला झापड येते.

इंजिन तापले की क्लच सुटतो

तिसरा प्रकार वेळेवर अवलंबून असतो. सकाळी ठीक, अर्धा-पाऊण तास चालल्यावर कोमट, वाऱ्याचा जोर मात्र पुरेपूर. गाडी तासभर सावलीत उभी केली की पुन्हा चालू. बॉनेटखालच्या उष्णतेने क्लच किंवा रिले सुटतो, हे इथे पहिले मनात यावे.

बॉनेट उघडून कॉम्प्रेसरच्या पुलीचे तोंड लांबून न्याहाळा. पट्टा जी पुली फिरवतो ती सतत फिरते. तिच्या पुढे एक चपटी तबकडी असते. एसी लागला की "टक" असा स्पष्ट आवाज येऊन तबकडी पुलीला चिकटते आणि तिच्याबरोबर गरगरते. एसी सुटला की जागेवर थांबते. गारवा गेलेला असताना तबकडी स्थिर दिसली तर कॉम्प्रेसरला जोडच मिळत नाही. दर काही सेकंदांनी टक-टक करत लागत-सुटत असेल तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यायला जागा आहे. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो, पुली आणि कॉम्प्रेसर कायम जोडलेले असतात आणि आतला व्हॉल्व्ह काम कमी-जास्त करतो. तिथे स्कॅनर आणि गेजशिवाय काही कळत नाही.

क्लच असलेल्या गाडीत पुढची तपासणी इलेक्ट्रिशियन दोन मिनिटांत करतो, फक्त ती गारवा गेलेला असतानाच करायला हवी. क्लचच्या वायरीवर १२ व्होल्ट येतात का? येत असतील आणि तरी तबकडी चिकटत नसेल, तर दोष क्लचमध्येच आहे. तबकडी आणि पुली यांच्यातली फट सहसा ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती वाढते, आणि तापलेल्या गुंडाळीचा चुंबक तेवढ्या अंतरावरून तबकडी ओढू शकत नाही. कितीतरी गाड्यांत आतली पातळ चकती काढून ही फट कमी करता येते. त्यासाठी नवा कॉम्प्रेसर घेण्याची गरज नसते, आणि गॅसला तर हातही लावावा लागत नाही. "कॉम्प्रेसर गेला" हा निकाल ऐकलात की "फट मोजलीत का?" एवढे जरूर विचारा.

१२ व्होल्ट येतच नसतील तर क्लच निर्दोष आहे. मग रिले पाहायचा. फ्यूजच्या डब्यात त्याच आकाराचा आणि त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. दोघांची अदलाबदल केली की उत्तर मिळते. रिले चांगला निघाला तर प्रेशर स्विचचा जोड, कॉइलचा सेन्सर आणि वायरिंग.

या वायरिंगच्या बाबतीत महाडची गोष्ट वेगळी आहे. जुलै २०२१च्या पुरात शहरातल्या असंख्य गाड्या पाण्यात आणि गाळात बुडाल्या. त्यांतल्या कित्येक साफ होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या, काहींचे मालक बदलले. जोडांच्या आतल्या तांब्या-पितळेवर पुराच्या पाण्याने धरलेला हिरवट थर वर्षांनी त्रास देतो: कोरड्या दिवशी जोड लागतो, पहिल्या पावसात सुटतो. जुनी गाडी घेताना पुढच्या सीटखालचा गालिचा उचला, रुळांच्या खाचांत गाळ आणि गंज शोधा, फ्यूजच्या डब्याचे झाकण उघडून पिना पाहा. थर दिसला तर बॅटरीचा जोड काढून, जोड साफ करण्याचा फवारा मारून, पिना घट्ट करून घ्याव्या. भातकापणीनंतर बॉनेटखाली उंदीर शिरतात, त्यांनी कुरतडलेली वायरही अशीच अर्धवट जोड देत राहते.

घाटात तुटणारा एसी

आंबेनळी किंवा वरंधच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की काही सेकंद गारवा जातो आणि चढ संपला की येतो. छोट्या इंजिनाच्या गाडीत, पाच-सहा माणसे बसलेली असताना, हे हमखास होते. हा बिघाड नाही. इंजिनाला सगळी ताकद चाकांना द्यायची असते म्हणून गाडीचा संगणक कॉम्प्रेसर तात्पुरता सोडतो. खालच्या गिअरमध्ये, कमी दाबाने चढलात तर तो तुटणारही नाही. मात्र एसी तुटतानाच इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकत असेल तर गाडी बाजूला घ्या. इंजिन फार तापले की संगणक एसी बंद करतो, आणि त्या वेळी दुरुस्ती रेडिएटरची हवी असते.

पावसाळ्यात घाटाने जाणाऱ्यांसाठी मध्येच थांबणारा एसी हा आरामाचा विषय राहत नाही. काचेवरचे धुके एसीने सुकवलेल्या हवेनेच लवकर जाते. जुलैत महाबळेश्वर चढायचे असेल तर एसीची तक्रार आधी निकालात काढा. आतून धुके धरले तर एसी चालू, हवा काचेकडे आणि हवा बाहेरून आत घेणारे बटण. बाहेरच्या बाजूने धरले, म्हणजे वायपर फिरवताच पुसले गेले, तर काच जास्त गार झाली आहे. गार हवा काचेवरून दुसरीकडे वळवा.

पावसाळ्यात उघडलेल्या नळ्या

वारा जोरात आहे, क्लच लागलेला आहे, पंखा फिरतो आहे, तरी वीस-पंचवीस मिनिटांनी गारवा जातो आणि थोडा वेळ एसी बंद ठेवला की येतो. यात आणि कॉइलवरच्या बर्फात फरक एवढाच की इथे वाऱ्याचा जोर कमी होत नाही. तुमच्या एसीच्या नळ्या याआधी कधी उघडल्या गेल्या असतील, तर त्यांत शिरलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठते आहे असा संशय घ्या. गेज लावले तर कमी दाबाच्या बाजूचा काटा शून्याखाली घसरलेला दिसतो.

आमच्या भागात हा दोष कारागिराच्या घाईने होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळी हवेत नळी उघडी ठेवली की ओल आत जाते आणि कॉम्प्रेसरचे तेल ती शोषून घेते. ती काढायला व्हॅक्यूम पंप किमान अर्धा-पाऊण तास चालवावा लागतो, कारण खोल व्हॅक्यूममध्येच पाणी तेवढ्या तापमानाला उकळून निघते. दमट दिवशी त्याहून जास्त. दहा मिनिटे पंप लावून गॅस भरणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. नळ्या उघडल्या की ओल शोषणारा ड्रायर बदलणेही योग्य. कॉम्प्रेसर बदलला असेल तर तो बदलायलाच हवा.

गॅरेजात गेल्यावर

"एसी बघा" एवढेच सांगू नका. "माणगावात उभी असताना पंधरा मिनिटांनी गेला, वारा चालू होता, निघाल्यावर पाच मिनिटांत आला," असे सांगा. जमले तर जाळीत खोचायचा साधा तापमापक घ्या. चालत्या गाडीत, आतली हवा फिरवत ठेवून, जाळीशी ५ ते १० अंश दिसले तर एसी उत्तम आहे. दमट दुपारी उभ्या गाडीत आकडा वर जाणारच. दोष दिसत नसेल तर कारागिराला शेजारी बसवून तो दिसेपर्यंत फेरी मारा. चांगला कारागीर स्वतःच तसे म्हणतो.

गॅसचा विषय निघाला तर दोन्ही गेज लावायला सांगा. इंजिन बंद आणि गार असताना, ३० अंशांच्या हवेत, आर-१३४एच्या दोन्ही काट्यांवर ९५ ते १०० पीएसआय दिसतात. त्यावरून गॅस पुरेसा आहे असे मात्र ठरत नाही; आत थोडा द्रव उरला असेल तोवर आकडा तोच राहतो. इंजिन चालू असताना ३५ अंशांच्या आसपासच्या हवेत कमी बाजू साधारण ३० ते ४५ आणि जास्त बाजू २०० ते २५० पीएसआय असावी. दोन्ही बाजू कमी असतील तर गॅस कमी. जास्त बाजू फार चढलेली असेल तर पंखा, कंडेन्सर किंवा जादा गॅस. गॅस अंदाजाने नव्हे, वजनाने भरून घ्या. तुमच्या गाडीला किती ग्रॅम लागतो ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. जादा गॅस भरलेली गाडी सकाळी ठीक चालते आणि दुपारी तुटायला लागते, म्हणजे एक तक्रार घेऊन गेलात आणि दुसरी घेऊन आलात.

गळती असेल तर ती साबणाच्या फेसाने, नायट्रोजनच्या दाबाने किंवा रंगद्रव्याने शोधून, बंद करून मगच गॅस. जुना गॅस हवेत सोडू देऊ नका, यंत्राने काढून घेणाऱ्याकडे जा. हवेत सुटलेला एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. गॅसची नळी घरी कधीही उघडू नका. अंगावर उडालेला द्रव कातडी गोठवतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका असतो. डब्यावर नाव नसलेला स्वस्त गॅसही नाकारा, त्यात पेट घेणारे वायू मिसळलेले असू शकतात.

काम झाल्यावर गेजचे दोन्ही आकडे, भरलेल्या गॅसचे वजन, व्हॅक्यूम किती मिनिटे लावला तो वेळ आणि बदललेला भाग, एवढे बिलावर लिहून मागा आणि ते बिल गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवा.